वेसकरानं वेशीवर लिहावं

(बारामतीत तरुणांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. मधे वीज गेली तेवढं वगळलंय.)



तुम्ही बारामती-इंदापूरची पोरं मिळून नवं अनियतकालिक काढताय आणि मला म्हणालात, एक कविता द्या. मी कविता देणार नाही. आपल्या अंकांत कवितेला तोटा नाही. पहिल्या पानावर कविता, मधल्या पानावर कविता, मलपृष्ठावर कविता, आणि जाहिरात मिळाली नाही म्हणून उरलेल्या जागेत परत कविताच. कवितेनं आपल्याला तोंड दिलं हे मान्य. १९७२ साली पँथर उभी राहिली आणि त्याच साली ‘गोलपिठा’ आला, हे काही उगाच नाही. पण ज्या भिंतींच्या आत आपण राहतो, ज्या जिन्यानं चढतो, ज्या संडासाच्या रांगेत उभे राहतो, त्यावर आपल्या अंकात एक पान नाही. मी म्हणतो, हा अंक इमारतींवर काढा. नुसता इमारतींवर. शहर कसं बांधलं, कुणी बांधलं, कुणासाठी बांधलं, कुणाला वगळून बांधलं, यावर.

हसू नका. आर्किटेक्चर हा बंगलेवाल्यांचा विषय आहे असं तुम्हाला वाटतं, कारण तो विषय त्यांनी गुळगुळीत कागदावर छापून तुमच्या हातून काढून घेतला. खरं तर आपल्याइतका इमारतींचा अभ्यास या देशात कुणी केलेला नाही. सक्तीनं केलाय. गावाची मांडणी बघा. मधे पांढरी, म्हणजे वस्तीची जागा. भोवती काळी, म्हणजे शेती. पांढरीला गावकूस, गावकुसाला वेस, आणि त्या वेशीची राखण कुणाकडे? वेसकराकडे. वेसकर कोण? महार. रात्री वेस लावायची त्यानं, पहाटे उघडायची त्यानं, चोर आला तर जाब द्यायचा त्यानं, आणि राहायचं कुठं? वेशीबाहेर. ज्याच्या हातात दरवाजा तोच दरवाज्याबाहेर! जगातल्या कुठल्या आर्किटेक्टला असली इमारत सुचली असती का? आपल्या आज्या-पणज्यांनी ही इमारत आतून-बाहेरून, विशेषतः बाहेरून, पाहिलेली आहे. आता त्यांच्या नातवंडांनी तिच्यावर लिहायचं, एवढंच बाकी आहे.

आणि पहिलं लिहिणारे आपण नाही. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्यात बाबासाहेबांनी हिंदू समाजाचं वर्णन कसं केलं? एक मनोरा. प्रत्येक जात त्याचा एकेक मजला. आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडीच नाही, जो ज्या मजल्यावर जन्मला तो तिथंच मरणार. मी तर म्हणतो मराठीतली इमारतीवरची सगळ्यात जबरदस्त टीका ती हीच. जिना न ठेवणं ही गवंड्याची चूक नव्हे, तो नकाशाच तसा काढलेला आहे, हे त्यांनी पहिल्याच अंकात सांगून टाकलं. पुढं १९२७ ला महाडला तळ्याच्या पायऱ्या उतरलो, १९३० ला काळारामाच्या दारात बसलो. पायरी आणि दार. आपल्या चळवळीचा इतिहास काढा, त्यात आर्किटेक्चरशिवाय दुसरं काय आहे?

आता जरा मुंबईतली एक गोष्ट सांगतो. १९४६ साली मुंबईत ‘मार्ग’ नावाचं त्रैमासिक निघालं. मार्ग म्हणजे रस्ता, आणि मॉडर्न आर्किटेक्चरल रिसर्च ग्रूप या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरंही तीच. संपादक कोण? मुल्कराज आनंद. हे नाव ओळखीचं वाटलं पाहिजे. १९३५ साली ‘अनटचेबल’ ही इंग्रजी कादंबरी लिहिणारा हाच माणूस. संडास साफ करणाऱ्या बाखा नावाच्या पोराचा एक दिवस, एवढीच ती कादंबरी. दिवसभर लाथा-थपडा खाऊन संध्याकाळी तो पोरगा गांधींचं भाषण ऐकतो, आणि मग गर्दीतला एक कवी सांगतो की मैला हातानं उचलावा लागणार नाही असं यंत्र आलंय, फ्लशचा संडास. बाखा ते ऐकून घरी जातो. म्हणजे लेखकानं अस्पृश्यतेवर उत्तर शोधलं ते प्लंबिंगमध्ये! आणि त्यानंतर अकरा वर्षांनी तोच लेखक आर्किटेक्चरचं त्रैमासिक काढतो. मला हा योगायोग वाटत नाही. इमारत बदलली की माणूस सुटेल असा त्या पिढीचा भाबडा विश्वास होता.

भाबडा का म्हणतो? फ्लश आला. टोपली गेली. आणि तिच्या जागी आलं मॅनहोल. त्या झाकणाचं तोंड बघितलंय कधी? नळाला एवढं तोंड लागत नाही, पाण्याला लागत नाही. एक अख्खा माणूस खांद्यासकट आत उतरेल एवढं ते तोंड आहे. म्हणजे ज्यानं गटाराचा नकाशा काढला त्यानं कागदावरच एक माणूस गृहीत धरला होता, आणि तो कुठल्या जातीचा असणार हेही त्याला माहीत होतं. १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला, तरी माणसं गुदमरून मरतायत. ‘मार्ग’नं जे सोडलं ते आपण उचलायचं. मॅनहोलच्या झाकणावर एक आख्खा अंक निघाला पाहिजे.

पण ‘मार्ग’ला नुसत्या शिव्या घालून चालणार नाही, त्यांच्याकडून एक गोष्ट चोरायची आहे. टाटांच्या जाहिरातींवर निघणारं त्रैमासिक, ठीक आहे, पैसा कुणाचा हे माहीत असू द्या. ते पुढं कलेच्या इतिहासाकडं जास्त झुकलं, तेही असू द्या. पण १९६५ चा मुंबईवरचा अंक ऐका. त्याच्या आदल्या साली मुंबई महापालिकेनं शहराचा विकास आराखडा जाहीर केला होता आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या होत्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल, दोन आर्किटेक्ट आणि एक इंजिनियर, यांनी हरकत घेतली. म्हणाले, हे शहर उत्तरेला असंच लांबत नेऊ नका, खाडीपलीकडं नवं शहर काढा. महापालिकेनं काही मनावर घेतलं नाही. मग मुल्कराजनं त्यांचं म्हणणं ‘मार्ग’मध्ये छापलं. आणि पाच वर्षांत, मार्च १९७० ला, सिडको स्थापन झाली. नवी मुंबई जमिनीवर यायच्या आधी एका त्रैमासिकात छापून आली होती! छापील कागदात किती ताकद असते ते यातनं शिका.

आणि दुसरी बाजूही शिका. खाडीपलीकडं जे ‘नवं’ शहर काढायचं होतं तिथं रिकामी जागा नव्हती. ठाणे, पनवेल, उरणची पंचाण्णव गावं होती. मिठागरं होती, भातशेती होती, आगरी-कोळी माणसं होती. जानेवारी १९८४ ला जासईला आणि शेजारी पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी मेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यामुळं पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन द्यावी लागली. त्रैमासिकाच्या त्या सुंदर नकाशात ही माणसं दिसत होती का? नकाशा वरून काढतात दोस्तहो, आणि वरून बघितलं की माणूस ठिपक्याएवढाही दिसत नाही. आपलं मासिक खालून काढायचं.

आता बारामतीवर येतो. या गावात बाहेरचा माणूस आला की त्याला दाखवतात काय? कऱ्हेच्या काठचा बाबूजी नाईकांचा वाडा, मोरोपंतांचं नाव, मग रुंद रस्ते, एमआयडीसी, कॉलेजं. मार्च २०२४ ला नवं एस्टी स्टँड उघडलं, ते बघून लोक म्हणाले विमानतळच जणू. छान आहे. माझा छान असण्याला विरोध नाही. आपल्या आईनं डोक्यावर गाठोडं घेऊन घाणेरड्याच स्टँडवर बसावं असं कुठं लिहिलेलं नाही. पण टीकाकाराचं काम फोटो काढून संपत नाही. त्या स्टँडवर एक दिवस बसा. सकाळी सहाच्या पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत. लेकुरवाळी बाई कुठं बसते? पाणी कुठं आहे आणि तिथवर किती पावलं? रात्री गाडी चुकलेला मजूर कुठं आडवा होतो, आणि त्याला कोण उठवतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं चकचकीत ठेवणाऱ्या बाईला झाडू ठेवायला, कपडे बदलायला, भाकर खायला एक दार असलेली खोली आहे का? असेल तर तसं छापा, नाव घेऊन कौतुक करा. नसेल तर तेही छापा. इमारत कशी आहे हे तिच्या दर्शनी बाजूवरून ठरत नाही. तिचा झाडू कुठं ठेवलाय यावरून ठरतं.

आणि त्या वाड्याचंही वाचन करायला शिका. दगड कुणी फोडला, चुना कुणी मळला, कुणी डोक्यावरून वाहिला? वाडा नाईकाचा असतो, काव्य पंतांचं असतं, आणि घाम? घामाला सही नसते. (आपल्यातले काही जण लगेच म्हणतील वाडा पाडा. पाडू नका राव. पाडला की पुरावाच गेला.)

या मुलुखाचं सगळं रूप कालव्यानं घडवलंय. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा काढला. तो बारामतीतनं जातो, तुम्ही रोज त्याच्यावरचा पूल ओलांडता. कालव्यानं ऊस आणला, उसानं साखर कारखाने, कारखान्यांनी संस्था, संस्थांनी पुढारी. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर बघा. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर ऊस, कारखाना आणि त्याभोवती अख्खी वसाहत उभी केली. कंपनीची वसाहत म्हणजे पगारपत्रक जमिनीवर आखलेलं असतं. साहेबाला बंगला, बाबूला क्वार्टर, कामगाराला चाळ. कंपाउंडची उंची बघून पगार सांगता येतो. जातीच्या उतरंडीला इथं पगाराची उतरंड येऊन भेटते, आणि पुष्कळदा दोघी एकाच बोळात राहतात. तिथं वाढलेली पोरं तुमच्यात बसलीयत. त्यांनी आपापल्या गल्लीचा नकाशा काढून आणावा, हे मी त्यांना आत्ताच सांगून ठेवतो.

पण या मुलुखातली सगळ्यात जास्त बांधली जाणारी इमारत कुठली? कुठल्याही पुस्तकात तिचं नाव नाही. कोपी. दर वर्षी दिवाळीच्या आसपास बीड-नगरकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडनं उचल घेतलेली, आणि अंगावर उचल असेपर्यंत माघारी जायची सोय नाही. कारखान्याच्या माळावर रातोरात शे-दोनशे कोप्या उभ्या राहतात. बांबू, तट्ट्या, वर प्लॅस्टिकचा कागद. आत उभं राहता येत नाही, दार म्हणजे वाकून शिरायचं भोक. गाळप संपलं की सगळं गुंडाळून गाडीवर. सहा महिन्यांचं अख्खं शहर, ना रस्ता, ना नळ, ना संडास, ना कुठल्या नगरपालिकेच्या आराखड्यात नोंद. बाया अंधारात उठतात, कारण उजाडल्यावर आडोसा नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण एवढं गाजलं की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्याला कारणं पुष्कळ, डॉक्टर आहेत, मुकादम आहेत, एका खाड्याचा दंड आहे. पण एक कारण आर्किटेक्चरचंही आहे. पाळीच्या दिवसांत बाईला एक बंद दार आणि एक बादली पाणी नाही, हा डॉक्टरचा प्रश्न व्हायच्या आधी नकाशाचा प्रश्न आहे. ज्या कारखान्याला साखरेच्या पोत्यासाठी पक्कं गोदाम बांधता येतं त्याला पोतं भरणाऱ्या माणसासाठी छप्पर बांधता येत नाही? साखर भिजली तर नुकसान. माणूस भिजला तर? माणूस वाळतो ना आपोआप!

इंदापूरवाल्यांना आणखी एक काम. उजनीचं धरण १९८० ला पुरं झालं आणि भीमाकाठची गावंच्या गावं पाण्यात गेली. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. मग होड्या निघतात, फोटो निघतात, पुरवण्यांत लेख येतात, प्राचीन वारसा, कोरीव खांब. बरोबर आहे, देऊळ सुंदर आहे. पण देवळाबरोबर गावही बुडालं होतं ना? चावडी बुडाली, पाणवठे बुडाले, महारवाडा बुडाला, मांगवाडा बुडाला. देऊळ दगडाचं म्हणून टिकलं. आमची घरं मातीची, ती मातीला मिळाली. वारसा म्हणजे काय, तर ज्याच्याकडं दगड होता त्याची आठवण! तुम्ही असं करा: गावात सत्तरीच्या पुढची जी माणसं आहेत त्यांना गाठा, कागद पुढं ठेवा, आणि बुडालेल्या वस्तीचा नकाशा त्यांच्याकडनं काढून घ्या. कुणाचं घर कुठं, पाणवठा वेगळा होता तो कुठं, वाट कुठनं जायची. माणसं जातायत, हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. त्याच्या शेजारी नव्या गावठाणाचा नकाशा छापा, तलाठ्याकडं मिळेल. गाव पाण्यातनं उचलून नव्या जागी मांडताना सरकारला संधी होती, सगळी पाटी कोरी होती. त्या कोऱ्या पाटीवर आपल्या माणसांना प्लॉट कुठं पडले, ते दोन नकाशे शेजारी-शेजारी ठेवले की बोलतील. वर एक शब्द लिहायची गरज नाही.

नावं बदलल्यानं हे बदलत नाही. डिसेंबर २०२० ला सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची, महारवाड्याचं समतानगर, भीमनगर करायचं. स्वागत करू. पण पाटी बदलली, पत्ता तोच. समतानगरला जायचा रस्ता अजून तिथंच संपतो जिथं डांबर संपतं.

घरकुलाचं बघू. रमाई आवास, पंतप्रधान आवास, नाव कुठलंही घ्या, किमान क्षेत्र २६९ चौरस फूट. म्हणजे पंचवीस चौरस मीटर. घरात पाच माणसं धरली तर माणशी चोपन्न फूटसुद्धा येत नाहीत. खेड्यात सपाट भागात अनुदान १,२०,००० रुपये धरून चाललं होतं, आणि तेही हप्त्यानं. जोत्याला एक, पुढं भिंती वर गेल्या की दुसरा, आणि दर टप्प्याला मोबाईलवर फोटो. फोटो नाही तर हप्ता नाही. पावसाळ्यात जोत्यावर अडकलेली घरं तुम्ही सगळ्यांनी पाहिलीयत. मुंबईत बीडीडी चाळी इंग्रजांनी १९२०च्या दशकात बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची. तिथं आपली तीन-चार पिढ्यांची माणसं राहिली, १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या दंगलीत त्याच चाळींतनं आपल्यावर दगड आले, आणि भागवत जाधवचा जीव गेला तोही वरून आलेल्या दगडानं. कोण वर राहतो आणि कोण खालून चालतो, हा तेव्हा जिवाचा प्रश्न झाला होता. ऑगस्ट २०२५ ला त्याच वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. म्हणजे लढलं, चिवटपणे जागा धरून ठेवली, तर १६० चे ५०० होतात. मग इंदापूरच्या माणसानं २६९ वर का समाधान मानायचं? त्याच्या हातापायांची लांबी कमी आहे का?

आता आपल्या घरातलं. टीका करायची म्हणजे शेजाऱ्यावरच करायची असं नाही. आपले विहार बघा. वस्तीनं पैपैसा गोळा करून बांधलेले, त्याबद्दल मान आहे. पण आत काय? चकचकीत फरशी, लायटिंगचा मुकुट, देणगीदारांच्या नावांच्या पाट्या, आणि पुस्तकाचं कपाट कुलूपबंद. ज्या माणसानं दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकं ठेवायला जागा पुरेना म्हणून बांधलं, त्याच्या नावच्या इमारतीत वाचायला एक टेबल नसतं. पुतळ्यांना जाळ्या लावल्यात. विटंबना करणारे हरामखोर आहेत, मान्य, पण चौकाचौकात आपला बाप पिंजऱ्यात उभा दिसतो हे तुम्हाला खुपत नाही? इंदू मिलमध्ये चौथऱ्यासकट ४५० फुटांचं स्मारक ठरलंय. मी विचारतो, त्यात ग्रंथालय किती फुटांचं? हा प्रश्न विचारला की आपलेच लोक अंगावर येतात. येऊ द्या.

आणि हे सगळं लोकांना कळत नाही असं समजू नका. १ जुलै २०२४ ला नागपूरला दीक्षाभूमीवर काय झालं? स्तूपाशेजारी जमिनीखाली पार्किंग खणत होते. लोकांचं म्हणणं, स्तूपाला धोका आहे. बैठका झाल्या, निवेदनं झाली, आणि शेवटी हजारो माणसांनी येऊन ते काम उधळलं. सरकारला स्थगिती द्यावी लागली. ती आर्किटेक्चरवरची टीकाच होती, फक्त तिला छापायला मासिक नव्हतं. निवेदनं, पायाची मापं, खड्ड्याची खोली, हे सगळं महिनाभर आधी एका अंकात आलं असतं तर वृत्तपत्रांना नुसती ‘तोडफोड’ म्हणून ती बातमी गुंडाळता आली नसती. त्याच्या आधी २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं. वाद आपल्यातलाच, ट्रस्टचा, त्यात मी शिरत नाही. पण त्यात बुद्धभूषण प्रेस गेला. आपली छापखान्याची इमारत! आपण ज्यावर बोलतोय त्या दोन्ही गोष्टी, कागद आणि भिंत, एका पहाटेत ढिगाऱ्याखाली.

तेव्हा कामाचं बोलू. नगरपालिकेचा विकास आराखडा निघतो, १९६६च्या नगररचना कायद्यानं तो जाहीर करावा लागतो आणि हरकती-सूचनांना मुदत द्यावी लागते. कोरिया-पटेलांनी असलंच दार वापरलं होतं. हे दार तुम्हालाही उघडं आहे, फक्त ते कधी उघडतं आणि कधी बंद होतं याची जाहिरात इतक्या बारीक टायपात येते की वस्तीला कळेपर्यंत मुदत संपलेली असते. त्या आराखड्यात एक शब्द सापडेल: आरक्षण. बागेसाठी आरक्षण, शाळेसाठी आरक्षण, वाहनतळासाठी आरक्षण. आपल्या आरक्षणाचं नाव काढलं की ज्यांच्या पोटात दुखतं ते या आरक्षणाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. नकाशावर हे आरक्षण कुणाच्या जागेवर पडलंय आणि पुढं कुणाच्या जागेवरून उठलंय, हे दोन रंगांत छापलं की बारामती-इंदापूरचा अंक त्याच दिवशी संपेल.

पैसा लागत नाही फार. ए-फोरचे दोन कागद मधनं दुमडले की आठ पानं. झेरॉक्स चालेल. अनियतकालिक म्हणजे खिशात पैसे आले की निघतं, त्याची लाज वाटायचं कारण नाही. ‘मार्ग’सारखे फोटो आपल्याला परवडणार नाहीत आणि नकोतही. आपल्याला टेप पाहिजे. गवंड्याकडं असतो तसला लोखंडी टेप, पाच मीटरचा. तुमच्या घरी कुणी ना कुणी गवंडी असेलच, बिगारी असेल, सेंट्रिंगवाला असेल. त्याला लेखक करा. जोत्यात माती किती घातली, सिमेंट कुठं मारलं, गज किती जाडीचे टाकले, हे त्याला डोळे मिटून कळतं. प्राध्यापकाला कळत नाही. तो बोलेल तसं लिहून घ्या आणि व्याकरण दुरुस्त करू नका. बायकांकडनं संडासावर लिहून घ्या. कोपीतल्या पोरांकडनं चित्रं काढून घ्या.

पहिल्या अंकाला मी लिहीन, कविता नाही, मॅनहोलवर लिहीन. तुमच्यातल्या दोघांनी उद्या सकाळी सहाला स्टँडवर जायचं ठरवलंय असं मला जेवताना सांगितलं. वही घ्या, टेप घ्या, आणि सुरक्षारक्षकानं हटकलं तर भांडू नका. तोही आपलाच असेल बहुतेक. त्याला बसायला खुर्ची दिलीय का, तेवढं विचारून घ्या.

जय भीम.